सोळा पांढरे

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केला असता, पण महिनाभर स्टुलावर बसून कंबर अशी धरली आहे की वाकले तर तशीच राहीन. तेव्हा हा उभ्याउभ्याच घे.

फोनवर बोलायचं नाही, पत्रच लिहायचं, ही तुझी अट मला आधी खुळचटपणाची वाटली होती. पण फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का’ आणि ‘आवाज येतोय का’ यांच्या पलीकडे कधी गेलोच नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते बाबांना सांगता येत नाही, कारण ते लगेच थोरल्या काकांच्या कानावर जाईल.

तर ऐक. आमची लॅब म्हणजे तीन खोल्या. पहिलीत प्लास्टरचे जबडे, दुसरीत मेण आणि भट्टी, आणि तिसरीत उत्तरेच्या खिडकीपाशी आमच्या मोठ्या बाई. शेजारच्या दवाखान्यातली डॉक्टरीण मापं पाठवते आणि आम्ही खोटे दात बनवतो. खोटा दात शेजारच्या खऱ्या दातासारखा दिसला पाहिजे, नाहीतर माणूस हसला की तो एकटाच पाहुण्यासारखा बसलेला दिसतो. मेण मला जमतं, प्लास्टरही जमतं. अडलंय ते रंगाशी.

बाईंकडे एक पट्टी आहे. तिच्यात चिनी मातीचे सोळा दात एकेका काडीवर बसवलेले आहेत. सोळा दातांचे सोळा रंग. काड्यांवर आकडे असतात, पण बाईंनी त्यांच्यावर चिकटपट्टी मारली आहे. रोज सकाळी ते सोळा विस्कटून माझ्यापुढे टाकतात आणि म्हणतात, “लाव, उजळापासून गडदापर्यंत.” आत्या, ते सगळे पांढरे आहेत गं! सोळाच्या सोळा! मी तास तास बघत बसते आणि शेवटी देवाचं नाव घेऊन मांडते. बाई नुसतं “हं” म्हणतात आणि परत विस्कटतात.

पंचवीस एप्रिलला परीक्षा. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर काय, तुला माहीतच आहे. काकांनी तेवढीच मुदत दिली आहे. त्यानंतर परत येऊन त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचं. बाबांना विचारून उपयोग नाही, काका म्हणतील ती पूर्व दिशा. मला नाही गं बसायचं तिथे, जन्मभर खिळे मोजत, काकांचं ते मिटलेलं तोंड समोर ठेवून. मला हे काम आवडलंय. काहीतरी सुचव.

तुझी,
चिंगी


११ फेब्रुवारी

चिंगे,

उभ्याउभ्या केलेला नमस्कार उभ्याउभ्याच पोचला. आशीर्वाद मात्र बसून देते, कारण मशीनवर आहे.

तुला दिसत नाही म्हणजे तुझे डोळे वाईट नाहीत. मी शिवण शिकायला लागले तेव्हा आमच्या मास्तरीणबाई गिऱ्हाईक दारातून आत येतायेताच म्हणायच्या, “डावा खांदा उतरता.” मला काही डावं-उजवं कळायचं नाही. माणसाला दोन खांदे असतात एवढंच ज्ञान. टेपने मोजलं की पाऊण इंच फरक निघायचा आणि मी तोंडात बोट घालायची.

मग एक दिवस त्यांनी मला खिडकीत उभं केलं. म्हणाल्या, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दोनातलं एक नाव दे, ‘हँगर’ नाहीतर ‘बाटली’. ज्याचे खांदे सरळ तो हँगर, उतरते ती बाटली. पहिल्या दिवशी अंदाजपंचे. दुसऱ्या दिवशी जरा बरं. तिसऱ्या दिवशी चिंगे, रस्त्यात माणसंच राहिली नाहीत, नुसते हँगर आणि बाटल्या चालल्या होत्या. आणि मग आपोआप त्यात पोटजाती पडायला लागल्या, लांब मानेची बाटली, एका बाजूला झुकलेला हँगर. तुझ्या आजोबांना मी एकदा पंगतीत तोंडावर म्हणाले, “बाबा, तुम्ही बाटली आहात.” पुढचं विचारू नकोस.

तेव्हा माझं ऐक. आकड्यांच्या नादी लागू नकोस, त्या सोळाजणांना नावं ठेव. नावं ठेवण्यात आपल्या घराण्याचा हात कोण धरणार आहे? आधी नाव, मग ओळख. रोज हाक मारलीस की एक दिवस ते आपणहून ओ देतील.

काकांच्या तोंडाबद्दल जे लिहिलंस ते वाचलं. मोठ्यांबद्दल असं लिहू नये.

तुझी आत्या


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू साक्षात सरस्वती आहेस! हँगर-बाटलीवाली सरस्वती.

मी नावं ठेवली. सगळी ओळखीचीच. सगळ्यात उजळ ती धाकटी मामी, कारण ती कुठेही सगळ्यांच्या आधी पोचते. जरा पिवळा, लोचट दिसणारा तो आपला घरमालक. एक तांबूस आहे, दिवसभर उन्हात फिरून आल्यासारखा, ते बाबा. एक राखाडी झाक असलेला, कोरडा, कोणाशी बोलायला तयार नाही असा, ते थोरले काका, दुसरं कोण! आणि तू शेवटून दुसरी. चिडू नकोस, गडद आहेस पण फार छान तांबडी झाक आहे.

पहिले चार दिवस नुसतीच नावं होती. कोणावर कोणतं चिकटवलं ते माझं मलाच आठवेना. पाचव्या दिवशी सकाळी बाईंनी पट्टी विस्कटली आणि आत्या, मामी मला दिसली! म्हणजे शोधावी लागली नाही, त्या घोळक्यातून तीच पुढे आली. मग घरमालक. मग बाबा. गेला महिनाभर जो एक पांढरा होता त्याची आता गर्दी झाली आहे. काल सोळापैकी बारा बरोबर आले. बाई “हं” म्हणाल्या, पण जरा लांबवून म्हणाल्या.

दुष्परिणाम मात्र भयंकर आहेत. बसमध्ये समोरची बाई छान हसली तर मी तिला ‘मामी आणि बाबा यांच्या मधली’ असं म्हणून मोकळी. परवा शेजारीण जिन्यात भेटली. मला ओळखच पटेना. “अगं, मी!” म्हणाली तरी मी आपली परक्यासारखी बघतेय. मग ती जांभई देऊ लागली आणि मी ओरडले, “अय्या, तुम्ही होय!” तिला वाटलं मला बरं नाही. भिंतीसुद्धा पांढऱ्या राहिल्या नाहीत. माझी खोली तीन पांढऱ्यांत रंगवली आहे, आणि दाराशेजारी तर चक्क घरमालक आहे.

अजून चार चुकतात. त्यांतला एक तर रोजच चुकतो, बाई कोणता ते सांगत नाहीत. पण दोन महिने हातात आहेत.

तुझी,
चिंगी


६ मार्च

चिंगे,

शेवटून दुसरी? मी? चाळीस वर्षं राखेने दात घासले त्याचं हे फळ! आणि शेवटची कोण ते नाही लिहिलंस, तेवढं कळव म्हणजे माझ्या जिवाला शांतता मिळेल.

बाकी वाचून फार आनंद झाला. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग कापड कापायचं सोडून आरशासमोर जाऊन दात बघत बसले. तांबडी झाक मला काही दिसली नाही. तू शिकलीस, मी नाही, तेव्हा तुझं खरं मानते.

एक मात्र सांगते. हँगर-बाटलीच्या दिवसांत मी एका बाईंचा ब्लाउज बिघडवला होता. बघताक्षणी ‘बाटली’ म्हटलं आणि टेप न लावता कापला. त्या बाटली नव्हत्या, त्या दिवशी दमल्या होत्या एवढंच. तेव्हा नावावर फार विसंबू नकोस, अधूनमधून टेप लावत जा.

परवा दादाकडे गेले होते. तुझं कसं चाललंय हे त्याने विचारलं नाही. पण मी सांगत होते तेव्हा उठूनही गेला नाही.

आत्या


२१ मार्च

प्रिय आत्या,

शेवटची आमच्या शाळेतली मुख्याध्यापिका. झाली शांतता?

आता माझं ऐक, कारण मी आज रडले आहे.

बाईंनी आज सराव परीक्षा घेतली. मी सोळाच्या सोळा डौलात लावले. बाई उठल्या, त्यांनी तेराव्या जागेवरचा दात उचलला, सगळी रांग ओलांडून गेल्या आणि तो चौथ्या जागेवर ठेवला. तेराव्यावरून चौथ्यावर! म्हणाल्या, “रोज हीच चूक. एक-दोन घरं चुकणं मी समजू शकते. नऊ घरं कशी चुकतेस? काय दिसतं तुला ह्यात?”

तो काकांचा दात होता.

मी कबूल केलं, नावं ठेवलीत म्हणून. बाईंनी सोळाही नावं वदवून घेतली आणि हसताहसता त्यांचा चष्मा खाली पडला. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, “हा राखाडी आहे, पण गडद नाही. चांगला उजळ आहे. काका म्हणजे खडूस, खडूस म्हणजे काळोखे, म्हणून तू त्याला मागे ढकलतेस. नाव दिलंस म्हणून दिसायला लागलं, इथवर ठीक. आता नावच बघत बसली आहेस, दात कुठे बघतेस? तू रंग लावत नाहीस पोरी, मनातला राग लावतेस.”

मी म्हटलं, मग नाव काढून टाकते. बाई म्हणाल्या, “आता निघतंय होय? त्यापेक्षा त्या माणसाकडेच एकदा नीट बघून ये.”

घरी येऊन मी मोबाइलमधले घरचे सगळे फोटो काढले. काका सत्तावीस फोटोंत आहेत. सत्तावीसही फोटोंत मिशी, आणि मिशीखाली ओठ घट्ट. वाढदिवस असो, बाळाचं बारसं असो, तेच तोंड. आपण सगळे म्हणतो, काकांना हसायचा राग आहे. पण आत्या, मी दिवसभर दात बघते म्हणून एक प्रश्न पडला. मी बावीस वर्षांची झाले, त्यांतली बरीचशी काकांच्या दुकानाच्या मागेच काढली. मी काकांचे वरचे दात कधी बघितलेच नाहीत! तू बघितलेस का? तू तर त्यांची सख्खी बहीण. त्यांचा तरुणपणीचा एखादा फोटो असला तर पाठव ना.

चिंगी


३० मार्च

चिंगे,

फोटो सोबत आहे. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

मशीनचा पट्टा तुटलाय आणि घरात पाहुणे आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. अभ्यास कर.

आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं एवढंसं पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. मशीनचा पट्टा तुटला तर तू चार पानं पट्ट्याबद्दलच लिहितेस.

फोटोतला मुलगा कोण आहे? म्हणजे नाक काकांचंच आहे. पण हा तर खदाखदा हसतोय! डोळे बारीक झालेत, मान मागे, वरचे सगळे दात लख्ख दिसताहेत, अगदी सरळ आणि सुंदर. मी भिंगातून बघितले. बाईंनाही दाखवला. त्यांनी विचारलं, “ह्याचा आजचा फोटो?” मी मोबाइल पुढे केला. बाईंनी दोन क्षण बघितलं आणि म्हणाल्या, “वरचा ओठ बघ, डावीकडे. तो रागाने मिटलेला नाही. तो काहीतरी झाकतोय.”

आत्या, तेव्हापासून मला चैन नाही. मी ते सत्तावीसही फोटो पुन्हा बघितले. फोटो तेच आहेत, पण एकाही फोटोत रागावलेला माणूस नाही. बाळाच्या बारशाच्या फोटोत काकांचे डोळे हसताहेत आणि ओठ ते हसू दाबून धरतोय. दुकानात गिऱ्हाईक विनोद करतं तेव्हा काका मान वळवून फळीवरचं काहीतरी शोधायला लागतात. मी लहानपणी त्यांना कविता म्हणून दाखवली होती तेव्हाही ते पाठ फिरवून उभे राहिले होते, आणि मी आईजवळ जाऊन भोकाड पसरलं होतं की काकांना आवडली नाही. ते तेव्हा हसत होते का गं?

काय झालं होतं? तुला माहीत आहे. तुझ्या चार ओळींच्या पत्रात ते न लिहिताच लिहिलंय.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली. बाबा सांगतात, काका स्वतः न्यायला येणार आहेत. आता मला त्यांची भीती वाटायची ती वाटत नाही, पण काय वाटतं तेही नीट कळत नाही.

चिंगी


४ मे

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलंच नाही. ठीक आहे. मी सांगते, तू ऐक.

पंचवीस तारखेला सकाळी दहाच्या ठोक्याला काका हजर. हातात रिकामी पिशवी, माझं सामान भरायला. दारातच म्हणाले, “आटपलं का?” बाई म्हणाल्या, “परीक्षा व्हायची आहे. बसा.” काका बसले. मला वाटलं आता पट्टी विस्कटणार. तर बाई म्हणाल्या, “आज काड्यांशी खेळायचं नाही. आज खरं माणूस.” आणि वळल्या काकांकडे. “तुम्ही जरा ह्या खिडकीपाशी येता?”

काकांनी असं बघितलं की दुकानातला माणूस असता तर पळाला असता. “मी हिला न्यायला आलोय, दात दाखवायला नाही.”

आत्या, मी काय केलं ते माझं मलाच खरं वाटत नाही. मी राखाडी कापड घेतलं आणि काकांच्या त्या लाल चौकडीच्या शर्टावर गळ्यापासून बांधलं, कारण लाल रंग शेजारी असला की दाताचा रंग फसवतो. आणि म्हटलं, “काका, फक्त पाच सेकंद. जास्त वेळ तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि खोटे पांढरे दिसतात. मी पाचच्या वर मोजणार नाही.”

काकांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

वरचा डावा, पुढचाच दात काळा आहे गं. नुसता मळकट नाही, मेलेला. बाकीचे सगळे फोटोतल्यासारखेच सरळ. मी एकपासून मोजायलाच विसरले. बाई मागून म्हणाल्या, “दात बघ.” मग मी शेजारचा बघितला, काड्या लावल्या, पाच झाले, काकांनी तोंड मिटलं. पाणी प्यायले. पुन्हा पाच सेकंद. असं चारदा. चारही वेळा काकांनी डोळे मिटूनच घेतले होते.

मी एक काडी लावली, जरा पिवळी वाटली. दुसरी लावली, जरा जास्तच थंड. पुन्हा पहिली. मला कळत होतं की एक काडी उचलून ‘ही’ म्हटलं पाहिजे, नाहीतर पिशवी भरायची. काका समोर, पिशवी त्यांच्या पायाशी. आणि मी म्हटलं, “बाई, ह्यात नाहीये.”

“काय नाहीये?”

“काकांचा रंग. सोळांत नाहीये. ह्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, आणि टोकाशी निळसर होतो. त्याला नावच नाही.”

बाई “हं” म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “मग बनव. पास आहेस.”

नंतर त्यांनी सांगितलं की नवशिक्या माणूस नेहमी काडी उचलतो. त्याला सोळाच दिसतात, कारण तो सोळाच शिकलेला असतो. सतरावा दिसला की शिकणं संपलं असं नाही, पण सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी काकांच्या त्या दाताचं मुळापासून सगळं केलं. काका आठ दिवस इथेच राहिले, कधी नव्हे ते दुकान बाबांवर सोपवून. त्या दातावर बसवायची चिनी मातीची टोपी मी बनवली. थरावर थर देऊन, तीनदा भट्टीत घालून. पहिली बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी बाईंनी चिमट्यात धरून खिडकीपाशी नेली आणि डबीत घालून शेजारी दवाखान्यात पाठवली. काल बसवली.

काकांनी आरसा घेतला. ओठ वर केला. बराच वेळ बघितलं. मग ओठ खाली. “गाडीची वेळ झाली,” म्हणाले, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि गेले. मला चल म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. बाबांना फोन केला तर ते म्हणतात, “दादा काय ठरवतो बघू.” बाईंनी नोकरी पक्की केली आहे. मला राहायचं आहे, आणि आता काकांच्या मनाविरुद्ध राहायची इच्छाही होत नाही. हे तू मला काय करून ठेवलंस?

चिंगी


१६ मे

चिंगे,

पाहुणे नव्हते. पट्टाही तुटला नव्हता.

दादाला तुला न्यायला मीच पाठवलं. तो तुझ्या बापाला पाठवणार होता. मी म्हटलं, तू जा, पोरीला तुझंच ऐकायची सवय आहे. तुझ्या बाईंच्या पुढ्यात तो एकदा बसला की पुढचं तुझे डोळे बघून घेतील एवढं मला कळत होतं. स्वतः सांगायचा धीर नव्हता, म्हणून तुझ्या डोळ्यांवर ढकललं. आता सांगते.

मी सोळा वर्षांची होते. मला सायकल शिकायची होती, आणि आमच्या घरात मुलीने सायकलला हात लावायचा नाही असा वडिलांचा हुकूम होता. दादा चोरून शिकवायचा, गोदामाच्या मागच्या रस्त्यावर. तो मागून सीट धरून पळायचा. एक दिवस मला वाटलं जमलं, आणि गंमत म्हणून मी एकदम ब्रेक दाबला. त्याचं तोंड सीटच्या लोखंडावर आपटलं. रक्ताने शर्ट भिजला. घरी आल्यावर त्याने सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. धडपड्या म्हणून वर बोलणी खाल्ली. माझं नाव नाही काढलं.

पुढे तीन महिन्यांत दात काळा पडला. मग मिशी आली. आणि मी त्या सायकलवरून चार मैलांवरच्या शिवणाच्या वर्गाला जायला लागले, वडिलांना नंतर पटवलं तेही त्यानेच. चिंगे, मी आयुष्यभर स्वतःच्या पायावर उभी राहिले ते त्या सायकलवर, आणि त्या दातावर. मी एकदाही त्याच्याकडे हा विषय काढला नाही. आधी भीतीने, मग लाजेने, मग सवयीने.

याच्याहून वाईट पुढे आहे. लोक त्याला खडूस म्हणायला लागले, तुम्ही पोरं म्हणायला लागलात, आणि मी गप्प बसले. ऐकून ऐकून मलाही तो खडूस दिसायला लागला. तुला निदान ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं, माझ्याच हातून झालं होतं, तरी तो मान वळवायचा तेव्हा माझ्याही मनात यायचं, काय मेला तुसडा माणूस आहे! तुझं ते एकवीस मार्चचं पत्र वाचलं आणि मला माझीच शिसारी आली.

काल दुकानात गेले. तो एकटा होता, बिजागऱ्या लावत होता. मी उभ्याउभ्याच म्हणाले, “दादा, त्या दिवशी ब्रेक मी मुद्दाम दाबला होता.” तो बिजागरी हातात धरून थांबला. मला वाटलं आता ओरडणार, ओरडू दे. म्हणाला, “तुला आठवतंय? मला वाटलं तू विसरलीस. बरं वाटायचं, विसरलीस म्हणून.” मी रडायला लागले. तो म्हणाला, “रडू नकोस, गिऱ्हाईक येईल.” मग म्हणाला, “ब्रेक चांगला होता पण.”

आणि हसला.

तेवढ्यात आतून एक मुलगी खोकं घेऊन बाहेर आली आणि काउंटरवरच्या खुर्चीत बसली. तुझ्या. मी विचारलं, ही कोण? म्हणाला, सोमवारपासून ठेवली आहे, हुशार आहे, खिळ्यांचे नंबर एका दिवसात पाठ केले. मी म्हटलं, आणि चिंगीला काय कळवू? तर म्हणतो, “कळव, जागा भरली. सुटीला यायचं तर ये म्हणावं, कामाला नको.” असं म्हणून परत हसला, आता तर मिशीलाही ते झाकता आलं नाही.

चिंगे, तो हसतो तेव्हा हुबेहूब आमच्या आईसारखा दिसतो. आई जाऊन तीस वर्षं झाली. मी त्या दुकानात दर आठवड्याला जात होते, आणि मला वाटायचं, आईचं आता काही राहिलं नाही.

तुझी आत्या